एकोणीस दिवस उशिरा लिहिलेला जबाब

या प्रकरणाची हकीकत मी निवृत्तीनंतर बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. दोन कॉलेजांत सांगितली, जळगावच्या आमच्या मेहरूण भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळात सांगितली. लोकांना ती आवडते, टाळ्याही पडतात. तिचा दिवस न् दिवस मला आजही आठवतो. त्यामुळे हेही आठवतं, की प्रत्येक वेळी मी ती दोन ठिकाणी खोटी सांगितली आहे. त्यातलं एक खोटं मी आधी कागदावरही लिहिलं होतं, आणि त्यामुळे एका बाईंच्या सेवापुस्तकात लाल शाईचा शेरा पडला, त्यांची एक वेतनवाढ गेली आणि नायब तहसीलदारपदाची बढती दोनदा हुकली. तो शेरा माझ्यामुळे पडला. आज मी अडुसष्ट वर्षांचा आहे. हे लिहायला फार उशीर केला, पण लिहितो.

हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवण्याचं काम संपत आलं होतं, ती वर्षं. मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. गावाचं नाव देत नाही. जुन्या वहीतून संगणकावर उतरवताना नावं, क्षेत्र, हिस्से यांत चुका झाल्या होत्या. त्या दुरुस्त करण्याचे अधिकार तहसील कार्यालयातल्या एका टेबलाला होते. त्या टेबलावर एक अव्वल कारकून बाई बसत. वय पंचेचाळीसच्या आसपास, नोकरी वीस वर्षांची, कामात चोख.

तक्रार घेऊन पहिल्यांदा आली ती एक म्हातारी अक्का. माहेर एरंडोलच्या बाजूचं, सासर धुळ्याकडचं. बापाच्या कापसाच्या रानात तिचा चौथा हिस्सा होता. नवा उतारा काढला, तर तिघा भावांची नावं होती आणि हिचं नव्हतं. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर उतारा ठेवून ती म्हणाली, "बठ्ठास्ना नावं शेतस, मनंच नई. मी जित्ती शे ना, साहेब? मंग मनं नाव कोनी काढं?"

तहसीलदारांनी चौकशी केली, तेव्हा लेखनचुकीची दुरुस्ती म्हणून अशा अकरा नोंदी झालेल्या सापडल्या. कुठे बहीण उडाली होती, कुठे चुलती. मूळ वहीत चूक नव्हतीच. अकराही नोंदी एकाच लॉगिनने झालेल्या, त्या अव्वल कारकून बाईंच्या. तहसीलदारांनी फिर्याद दिली, गुन्हा दाखल झाला आणि तपास मी स्वतःकडे घेतला.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणारा माणूस धुळ्याचा होता, कोर्टासमोर टायपिंगचं दुकान चालवतो एवढंच त्याने सांगितलं.

"साहेब, तुमच्या तालुक्याचा सातबारा इथे धुळ्यात बसून दुरुस्त होतो. कागद सकाळी द्या, दुपारी उतारा घ्या."

"करतं कोण?"

"ते तुम्ही शोधा. मला धंदा करायचा आहे."

खबर स्पष्ट होती. धुळ्यात बसून दुरुस्त होतो, असं तो म्हणाला होता. मी तिचा अर्थ माझ्या सोयीने लावला. धुळ्यात दलाल आहे, तो कागद पाठवतो आणि आमच्याकडची बाई नोंद करते. खबऱ्याचं वाक्य आहे तसं लिहून ठेवावं, आपल्या समजुतीत बसवू नये, हे मी शिपायांना कितीदा शिकवलं असेल.

मंगळवारी बाईंना ठाण्यात बोलावलं. सोबत महिला हवालदार बसवली आणि माझा लेखनिक जबाब घ्यायला बसला. बाई घाबरलेल्या होत्या, पण उत्तरं नीट देत होत्या.

"आयडी तुमचा?"

"हो साहेब."

"पासवर्ड?"

"माझाच. म्हणजे चार्जमध्ये मिळालेला."

हे मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. त्या टेबलावर त्यांच्या आधी जे कारकून होते, ते आपसी बदलीने धुळे जिल्ह्यात गेले. जाताना त्यांनी रीतसर चार्ज दिला. चार्ज यादी तीन प्रतींत झाली. कपाटाच्या किल्ल्या दोन, गोल शिक्का एक, शिक्क्याचं पॅड एक, फायली इतक्या, आणि शेवटी संगणकाचा पासवर्ड एक. आयडी टेबलाचा होता, फक्त नाव बाईंचं चढवलं गेलं. पासवर्ड कागदावर लिहून यादीला टाचला होता. देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही, साहेबांची सही.

"आणि तो तुम्ही बदलला नाहीत?"

"विचारलं होतं साहेब, आमच्या वरिष्ठांना. ते म्हणाले, यादीत आहे ते बदलू नका. उद्या ऑडिटवाल्यांनी यादी ताडून पाहिली आणि पासवर्ड जुळला नाही, तर चार्ज खोटा ठरेल. उत्तर कोण देणार?"

माझा लेखनिक हसला. मीही हसलो. हे कारण इतकं हास्यास्पद वाटलं, की ते बनावटच असणार असं मी धरलं. आज मला वाटतं, सरकारी कार्यालयात उभी हयात घालवलेल्या माणसाखेरीज असं कारण कुणाला सुचणारच नाही. ते खरं असल्याचा तोच पुरावा होता.

जुन्या कारकुनालाही पासवर्ड ठाऊक आहे, हे तर यातून उघडच दिसत होतं. पण माझ्या डोक्यात पासवर्ड म्हणजे कपाटाची किल्ली. किल्ली ज्या कपाटाची, ते कपाट इथे. धुळ्यातल्या माणसाच्या खिशात तिची जोडकिल्ली असली तरी तिथून तो काय उघडणार?

मग बाईंनी ते सांगितलं, जे मी लिहू दिलं नाही.

"साहेब, आणखी एक आहे. दोन-तीन महिन्यांपासून मधूनच माझं लॉगिन होत नाही. पासवर्ड बरोबर असतो, तरी पडद्यावर येतं, हा वापरकर्ता आधीच कार्यरत आहे. मी तर आत गेलेलीच नसते. मग जळगावला तांत्रिक कक्षाला फोन करते, ते काहीतरी करतात, तेव्हा उघडतं."

लेखनिकाने पेन टेकवलं होतं. मी त्याला म्हणालो, "ते राहू दे. वायरीच्या तक्रारी नकोत जबाबात."

बाई म्हणाल्या, "साहेब, पण ते लिहा ना. मला वाटतं त्यात काहीतरी आहे."

मी म्हणालो, "बाई, आयडी तुमचा, पासवर्ड तुमचा, टेबल तुमचं. मग नोंद काय भुताने केली?"

दुपारी त्यांच्या टेबलाचा पंचनामा केला. तिथला शिपाई, सगळे त्याला नाना म्हणत, आपणहून सांगायला लागला. "बाई रोज भांडतात हो त्या डब्याशी. मी सांगतो, त्याला झोप लागली असंल, बंद करून चालू करा. वायर काढून फुंकून पण दिली दोनदा. मशीनच खराब शे, साहेब." ती दुसरी संधी होती. पंचनाम्यात मी मशीनचा क्रमांक लिहिला, नानाचं बोलणं नाही.

मुख्य सर्व्हरवरचा तपशील मागवणारं पत्र आम्ही पाठवलं होतं. उत्तराला महिना तरी लागणार होता. वर्तमानपत्रात बातम्या येत होत्या, वरून रोज विचारणा होत होती. मी थांबलो नाही. बाईंना अटक दाखवली. तीन दिवसांची कोठडी मिळाली. सरकारी कर्मचारी अठ्ठेचाळीस तासांहून जास्त कोठडीत राहिला की आपोआप निलंबित होतो, तशा त्याही झाल्या. त्या तीन दिवसांत त्यांना कुणी हात लावला नाही, जेवण वेळेवर दिलं, महिला हवालदार सतत सोबत होती. हे मी बचावासाठी सांगत नाही. नियम सगळे पाळूनही अन्याय करता येतो, म्हणून सांगतो.

त्या एकच गोष्ट म्हणत राहिल्या, मी या नोंदी केलेल्या नाहीत. चौथ्या दिवशी जामीन झाला. न्यायालयाच्या पायरीवर त्यांचे मिस्टर मोटारसायकल घेऊन उभे होते. बाई मागे बसल्या आणि तोंडावर पदर ओढून घेतला. आमच्या भागात उन्हामुळे सगळ्याच बाया तोंड बांधतात. पण त्या दिवशी ऊन नव्हतं.

पुढे दहा-बारा दिवस तपास जागच्या जागी राहिला. मग एका सकाळी मी माझ्या खोलीत टपाल पाहत होतो. खाली गुन्हे नोंदवायच्या टेबलावर आमच्या हवालदार बाई बसल्या होत्या. त्याच, ज्या जबाबाच्या वेळी हजर होत्या. त्या एकदम जिन्याकडे तोंड करून ओरडल्या, "ओ भाऊ! निघा साहेबांच्यातून बाहेर! फिर्यादी ताटकळलाय इथे!"

वरून लेखनिकाचा आवाज आला, "पाच मिनिटं थांबा की! तुम्ही काल दिवसभर साहेबांमध्येच होतात, मी बोललो का काही?"

मी बाहेर आलो. "हा काय प्रकार आहे?"

हवालदार बाई उभ्या राहिल्या, जरा लाजल्या. "काही नाही साहेब. तुमचा आयडी आहे ना, तो आम्ही दोघं वापरतो. मी खाली, ते वर. ते आत असले की मला घेत नाही. लिहून येतं, आधीच कार्यरत आहे. मग ओरडावं लागतं."

"रोज?"

"रोज कशाला, तासाला."

मी माझा आयडी त्या ठाण्यात एकदाही स्वतः उघडला नव्हता. पासवर्ड पहिल्याच दिवशी लेखनिकाला सांगून टाकला होता. माझ्या नावाने गुन्हे नोंदले जात होते, माझ्या नावाने मंजूर होत होते, आणि मी खोलीत चहा पीत होतो.

हवालदार बाई खाली बसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, एक बोलू का? त्या तहसीलच्या बाईंनी हेच सांगितलं होतं. तुम्ही लिहू दिलं नाही. मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुमच्यासमोर कशी बोलू?"

"पण हा वर, तुम्ही खाली. एकाच इमारतीत आहात. धुळ्यातून कसं होईल?"

"साहेब, मागं लेखनिक भाऊ कामाला नाशिकला गेले होते. तिथून त्यांनी उघडलं, तरी मला इथे आत घेत नव्हतं. आयडीला गाव नसतं."

म्हणजे प्रकरणाचा उलगडा असा झाला आणि तो त्यांनी केला. भाषणांतून मी सांगत आलो की, मला संशय आला. संशय हवालदार बाईंना आला होता, तोही पहिल्या दिवशी. प्रशस्तिपत्र मला मिळालं. त्यांना साधं शाबासकीचं पत्रही मी दिलं नाही.

त्याच दिवशी आम्ही जळगावला तांत्रिक कक्षात गेलो. तिथला माणूस पोलीस पाहून बावरला. पण त्याच्याकडे एक वही होती. रोज येणारे फोन तो तीत उतरवत असे. तारीख, वेळ, तालुका, टेबल, अडचण, काय केलं. अकरा नोंदींच्या तारखा आणि वेळा आम्ही कागदावर नेल्या होत्या. हवालदार बाई वाचत गेल्या, मी वहीत बोट ठेवत गेलो. अकरांपैकी नऊ दिवशी, नोंद झाल्यापासून दहा-पंधरा मिनिटांच्या आत, बाईंचा फोन होता. पुढे त्या माणसाच्या अक्षरात लिहिलेलं, 'आधीचे सत्र बंद केले.' म्हणजे चोर आत असताना बाई बाहेरून दार ठोठावत होत्या, आणि त्याचं काम उरकल्यावर आम्ही आळ बाईंवर घातला.

मी त्या माणसाला विचारलं, "आधी आत कोण आहे, हे तुम्ही कधी पाहिलं नाही?"

तो म्हणाला, "साहेब, अडकलेलं उघडणं माझं काम. अडकवलं कुणी, ते माझ्या कामाच्या यादीत नाही."

मी वहीच्या छायाप्रती काढून घेतल्या.

चौथ्या दिवशी जुन्या कारकुनाला धुळ्याहून आणलं. पहिले दोन तास तो गोल गोल फिरत राहिला. मग मी वहीच्या छायाप्रती पुढे ठेवल्या आणि त्या अकरा दिवसांचं त्याच्या कार्यालयाचं हजेरीपत्रक ठेवलं. त्या अकरा दिवसांत एक रविवार होता, आणि त्या दिवशी त्याने मुद्दाम कार्यालय उघडायला लावलं होतं. शेवटी म्हणाला, "साहेब, पासवर्ड अजून तोच असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. एक दिवस सहज टाकून पाहिला. उघडलं." पुढचं सगळं दोषारोपपत्रात आहे. काही दिवसांनी सर्व्हरचा तपशील आला, त्यातही धुळ्याच्याच कार्यालयातलं मशीन निघालं. अक्काचं नाव पुन्हा उताऱ्यावर चढलं. इथपर्यंत हकीकत टाळ्यांची आहे.

आता माझं खोटं.

बाईंना गुन्ह्यातून वगळायचं, तर लॉगिनच्या अडचणीबद्दल त्यांचा जबाब कागदावर हवा होता. पहिल्या जबाबात ते वाक्य नव्हतं, कारण मी ते घेऊ दिलं नव्हतं. खरं लिहायचं, तर पुरवणी जबाबात असं यायला हवं होतं, 'मी ही बाब पहिल्याच दिवशी तपासी अधिकाऱ्यांना सांगितली होती, परंतु ती नोंदवण्यात आली नाही.' तसं लिहिलं असतं, तर निरपराध बाईला तीन दिवस कोठडीत का ठेवलं, असा प्रश्न मला विचारला गेला असता. माझ्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. मी लेखनिकाला सांगितलं, लिही, 'आज मला आठवते की.'

ते तीन-चार शब्द. आज मला आठवते की.

पहिल्या जबाबानंतर एकोणिसाव्या दिवशी बाई ठाण्यात आल्या. मी म्हणालो, "बाई, तुम्ही सुटलात. इथे सही करा."

त्यांनी वाचलं. एका जागी थांबल्या. "साहेब, हे आज आठवलं असं नाही. मी तेव्हाच..."

"बाई, भाषा असते ती कागदाची. सुटायचं आहे ना?"

"सुटले ना मी? नक्की?"

"नक्की."

"मग द्या इकडे." त्यांनी सही केली.

गुन्ह्यातून त्या सुटल्या. पण निलंबन उठल्यावर खातेनिहाय चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्याने माझा पुरवणी जबाब वाचला आणि कागदावरून निघेल तो निष्कर्ष काढला. लॉगिनमध्ये दुसरं कुणी शिरत असल्याची महत्त्वाची बाब या कर्मचाऱ्याने एकोणीस दिवस दडवून ठेवली. पासवर्ड न बदलण्याच्या हलगर्जीबद्दल नुसती ताकीद मिळाली. वेतनवाढ रोखली ती दडवण्याबद्दल. सेवापुस्तकात शब्द आला, 'माहिती लपविली.' तो शब्द ज्याच्या नावापुढे असतो, त्याला बढतीच्या यादीत कुणी धरत नाही.

हे मला सात वर्षांनी कळलं. खोटं बोलतो. कानावर आधीच आलं होतं. मी चौकशी केली नाही.

गेल्या वर्षी बाई माझ्या घरी आल्या. केस पांढरे झाले होते. पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या. निवृत्तीला आठ महिने होते. शेऱ्याविरुद्धचं अपील पडून होतं, ते सुनावणीला लागलं होतं.

"साहेब, पुरावा काही नाही माझ्याकडे. कागदावर सही माझीच आहे. पण खोलीत चार माणसं होती. लेखनिक वारले. हवालदार बाई यायला तयार आहेत. पण त्यांचं एकटीचं कोण ऐकणार, तपास तुमचा होता."

"काय लिहून देऊ?"

"जे झालं ते. जास्त नको."

माझ्या मुलाने वकिलांना विचारलं. वकील म्हणाले, इतक्या वर्षांनी पेन्शनला धक्का लागायचा नाही, मात्र नाव खराब होईल. म्हणजे मी जे केलं, त्यात धाडस काही नव्हतं. जोखीम असताना मी गप्प होतो, आणि ती संपल्यावर बोललो. वाचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. मी प्रतिज्ञापत्र केलं. यावलला बदली होऊन गेलेल्या हवालदार बाई रजा टाकून बसने आल्या, त्यांनीही केलं.

सुनावणीला मला साक्षीदार म्हणून बसवलं. आयुष्यभर मी टेबलाच्या पलीकडे बसलो. अलीकडच्या खुर्चीला हात नसतात, हे त्या दिवशी लक्षात आलं. खात्याची बाजू मांडणारा अधिकारी तरुण होता, हुशार होता, आणि त्याचा प्रश्न बरोबर होता.

"जबाबावर सही यांचीच आहे ना?"

"हो."

"वाचून केली?"

"हो. वाचली, आणि हरकतही घेतली."

"मग सही का केली?"

बाई समोरच बसल्या होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कारण दार माझ्या हातात होतं," मी म्हणालो. "सही केल्याशिवाय ते उघडणार नाही, असं मी त्यांना समजू दिलं."

अपील ऐकणाऱ्या साहेबांनी लिहून घेणाऱ्याला सांगितलं, "शब्दशः घ्या."

बाहेर व्हरांड्यात बाई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं आभार मानतील, आणि मी ते कसे थांबवू याचा विचार करत होतो. त्या म्हणाल्या, "साहेब, अटक केलीत त्याचा राग नाही राहिला. सगळ्यांना वाटलंच होतं मी केलं म्हणून, तुम्हालाही वाटलं. पण त्या कागदावर सही करून घरी गेले, आणि मिस्टरांना म्हणाले, साहेब चांगले आहेत हो, सोडलं मला. त्याची अजून लाज वाटते." एवढं बोलून त्या हवालदार बाईंबरोबर बसस्टँडकडे निघून गेल्या.

आदेश पावणेदोन महिन्यांनी आला. 'माहिती लपविली' हा शेरा वगळण्यात आला, रोखलेली वेतनवाढ मूळ तारखेपासून दिली गेली. बढतीबद्दल आदेशात काही नाही. तेवढी सेवाच उरली नव्हती. त्या अव्वल कारकून म्हणूनच निवृत्त झाल्या.

तपासात चूक होते. ज्याची कधीच झाली नाही, असा अधिकारी मी पाहिलेला नाही, आणि ज्याने पाहिलाय असं सांगितलं त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही. पण चूक कळल्यावर ती कुणाच्या नावावर लिहायची, हे ठरवायला अधिकाऱ्याकडे एक क्षण असतो. कागद त्याचा, लेखनिक त्याचा, समोरचं माणूस सुटकेला आसुसलेलं. त्या क्षणी कायदा पाहत नसतो, वरिष्ठ पाहत नसतात. मला तो क्षण मिळाला होता आणि मी माझी चूक एका बाईंच्या नावावर चढवली. अकरा खोट्या नोंदी शोधल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र मिळालं. बारावी मी केली.